एकच संगणक, गाणेही आणि खेळही



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. काही अटींवर एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली, परंतु ती मुदतवाढच. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. बटण दाबले की तो पूर्वीसारखाच सुरू होतो. फरक इतकाच की चोरवाटा बुजविण्याचे जे काम कंपनी दरमहा करीत असे, ते थांबले. बरे, विंडोज ११ घ्यावी म्हटले तर ती जुन्या यंत्रावर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्या घरांत जे संगणक आहेत ते बहुतेक कचेऱ्यांनी काढून टाकलेले, चौथ्या-सहाव्या पिढीचे. म्हणजे यंत्र धडधाकट, पण पाहुण्यांच्या यादीत नाव नाही.

दुकानात गेले की उत्तर ठरलेले. "हा भंगारात घाला, हप्त्यावर नवा घ्या." नाहीतर, "थांबा, डुप्लिकेट विंडोज मारून देतो." पहिल्या उत्तराने वर्ष-दीड वर्षाचा हप्ता घरखर्चाच्या मानगुटीवर बसतो. दुसऱ्याने कुलूप तोडलेली प्रणाली घरात येते. ते कुलूप कोणी तोडले आणि तोडताना आत काय ठेवून गेला, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. ज्या यंत्रावरून आपण शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, बँकेचा ओटीपी टाकतो, त्यावर असली प्रणाली नको, असे आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगतो.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे, आणि तो फुकट असून कायदेशीर आहे. परंतु येथे आपली माणसे वेगळ्याच ठिकाणी अडतात. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला व तो सर्वांना खुला केला. त्या एका गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या प्रणाली रचल्या. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पीठ एकच, पण कोणी त्याची भाकरी केली, कोणी थालीपीठ. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. मुलगा मोबाईलवर चार व्हिडिओ पाहतो आणि चार नावे घेऊन येतो. एक सांगतो ही खेळासाठी उत्तम, दुसरा सांगतो ती स्टुडिओसाठी उत्तम. घरात संगणक मात्र एकच. बहिणीला गाणे रेकॉर्ड करायचे असते, भावाला खेळायचे असते. कोणाचे ऐकावे?

आमचे मत आधी सांगून टाकतो. अशा घराने लिनक्स मिंट घ्यावी. खेळाची म्हणून किंवा स्टुडिओची म्हणून मिरविणाऱ्या डिस्ट्रोच्या मागे लागू नये. आता कारणे.

स्थिर हा शब्द सगळेच वापरतात, त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आम्ही हिशेबाच्या टेबलावर उमेद घालविलेली माणसे. आमच्या लेखी स्थिर म्हणजे आर्थिक वर्षाच्या मध्येच खतावणीचे नमुने न बदलणे. लिनक्समध्येही तेच. आर्च नावाची डिस्ट्रो आहे, तिच्यात नवे बदल सतत येत राहतात. जाणकाराला ते आवडते, पण नवख्याच्या यंत्रात एखाद्या सकाळी आवाजच येईनासा झाला तर तो कोणाकडे जाणार? फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिने पाठिंबा मिळतो. म्हणजे वर्षाला एकदा तरी घर हलवायचे. डेबियन ही १९९३ पासूनची, फार भक्कम. पण एनव्हिडियाचे कार्ड असेल तर तेथे ड्रायव्हर आपल्या हाताने बसवावा लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात ते काम कोणावर लादू नये.

मिंट २००६ साली निघाली. ती उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी असते. मिंट २२ ही जुलै २०२४ मध्ये आली, तिचा पाया उबंटू २४.०४ आहे, आणि या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. या काळात खालचा पाया तोच राहतो, फक्त भोके बुजविली जातात. तिची मांडणी जुन्या विंडोजसारखीच आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. आईला विजेचे बिल भरायचे असेल तरी शिकवावे लागत नाही. ड्रायव्हर शोधून देणारा ड्रायव्हर मॅनेजर आहे. टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, तिने प्रणालीचा आजचा नमुना जपून ठेवता येतो आणि उद्या काही बिघडले तर कालच्या स्थितीत परतता येते. मिंटच्या तीन तऱ्हा मिळतात. त्यांपैकी आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्यावी, चारच असेल तर एक्सएफसीई.

काही वाचक विचारतील, आपल्या सी-डॅकनेही बॉस लिनक्स काढली आहे, ती का नको? ती कचेरी आणि सरकारी काम डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. गाणे आणि खेळ यांबाबत नवखा अडला तर उत्तरे मिळण्याची जास्त शक्यता उबंटू आणि मिंटसाठीच असते, आणि नवख्याला प्रणालीपेक्षा उत्तराची गरज जास्त.

आता गाण्याकडे येऊ, कारण खरी अडचण येथेच असते आणि येथेच लिनक्सबद्दल जुने गैरसमज फार आहेत. पूर्वी लिनक्समध्ये आवाजाचे दोन कारभारी होते. रोजच्या वापरासाठी पल्सऑडिओ, रेकॉर्डिंगसाठी जॅक. एकाने साउंडकार्ड धरले की दुसऱ्याला ते मिळत नसे. नवखा माणूस तेथेच हात टेकायचा. पुढे पाइपवायर आले. त्याने दोघांचेही काम आपल्या अंगावर घेतले. २०२१ साली फेडोराने ते प्रथम आपल्या डेस्कटॉपवर मुळातच बसवून दिले आणि मिंटमध्ये ते २२ पासून मुळातच येते. म्हणून मिंट घ्यायची तर २२ किंवा पुढचीच घ्यावी, मित्राकडची जुनी सीडी नको.

दुसरी गोष्ट आवाजाच्या उशिराची. हे समजून घेतले तर निम्मे डोकेदुखीचे दुकान बंद होते. संगणक आवाजाचे अगदी बारीक तुकडे मोजतो, सेकंदाला ४८,००० असे धरू. ते तुकडे तो एकेक करून देत नाही, गठ्ठा बांधून देतो. गठ्ठा १,०२४ चा असेल तर एका वेळी सुमारे २१ मिलिसेकंद उशीर होतो, आणि आवाज आत जाऊन परत कानात येईपर्यंत निदान दुप्पट, म्हणजे ४२. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला आपल्यापासून चौदा मीटर लांब बसला आहे आणि आपण त्याच्या ठेक्यावर गायचे आहे, असा प्रकार होतो. कोणताही गायक चुकेल. तोच गठ्ठा २५६ चा केला तर जाऊन-येऊन अकरा मिलिसेकंदांच्या आसपास उशीर राहतो, ढोलकीवाला साडेतीन-चार मीटरवर आला. गायन पार्टीत तो तेवढ्या अंतरावर बसतोच. गठ्ठा फार लहान केला तर जुना प्रोसेसर दमतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते. म्हणून २५६ पासून सुरुवात करावी, टकटक आली तर ५१२ करावे. रेकॉर्डिंग झाल्यावर मिश्रण करताना १,०२४ ठेवण्यास हरकत नाही, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

बाहेरचे यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेत असाल तर त्यावर स्वतःचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याचे बटण आहे का, ते पाहावे. असेल तर वरच्या सगळ्या गणिताचा त्रासच कमी होतो. यूएसबीच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे चालणारी यंत्रे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. फोकसराइट कंपनीची स्कार्लेट ही दोन माइकची पेटी आपल्या मुलांकडे बरीच दिसते, ती चालते. मात्र ब्लूटूथचा हेडफोन लावून रेकॉर्डिंग करू नये. त्याचा स्वतःचाच उशीर इतका की प्रणाली कोणतीही असो, ठेका सुटणार. वायरचा साधा हेडफोन बरा.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर एकट्या आवाजासाठी, भाषण किंवा मुलाखत टिपण्यासाठी ऑडॅसिटी पुरे आहे. हार्मोनियम, ढोलकी, आवाज, कोरस असे वेगवेगळे पट्टे बसवायचे असतील तर आर्डर घ्यावे. आर्डरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तयार प्रत हवी तर पैसे मागतात. त्यात गैर काही नाही, करणाऱ्याचेही पोट आहे. पण मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते विनामूल्य मिळते. सुरू करताना ते कोणत्या मार्गाने आवाज घ्यावा असे विचारते, तेव्हा नवख्याने अल्सा निवडावा आणि त्यात आपली पेटी निवडावी. मग मात्र आर्डर चालू असेपर्यंत दुसऱ्या कामाचा आवाज त्या पेटीतून येणार नाही, याला बिघाड समजू नये.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. एफएल स्टुडिओ आणि क्युबेस यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. तुमच्या संगीतकाराची सगळी कामे एफएल स्टुडिओत बांधलेली असतील तर त्याला लिनक्सकडे ओढून आणू नका. रीपर चालते, त्याची लिनक्स आवृत्ती खुद्द कंपनीच देते. बीट बनविणाऱ्या नव्या मुलांना एलएमएमएस आहे. ज्याला अजून कशाचीच सवय नाही, त्याने आर्डरपासूनच शिकावे. पट्टे मांडणे, आवाजाची पातळी राखणे, कापणे-जोडणे हे एकदा आले की पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाणे अवघड नाही.

मग स्टुडिओसाठीच केलेली उबंटू स्टुडिओ का नको? ती वाईट नाही. २००७ पासून निघते आणि वर सांगितलेली बहुतेक सॉफ्टवेअरे आधीच घालून देते. पण तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही पाठिंबा तीन वर्षांचा, आणि ती जी पन्नास हत्यारे देते त्यांपैकी आपण दोन वापरतो. ती दोन मिंटमध्ये पाच मिनिटांत घालता येतात.

खेळाकडे वळू. खेळ म्हटले की कपाळाला आठ्या घालणारे पालक आहेत, त्यांच्याशी येथे वाद नको. घरी बसून बहिणीच्या शेजारी खेळणारा मुलगा नाक्यावर तर नाही ना, एवढेच आम्ही म्हणतो. स्टीम ही खेळांची मोठी पेढी फेब्रुवारी २०१३ पासून लिनक्सवर आहे. २०१८ साली तिने प्रोटॉन आणले. विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर चालावा म्हणून मध्ये बसलेला हा दुभाष्या. तो १९९३ पासून चालत आलेल्या वाइन या प्रकल्पावर उभा आहे. २०२२ साली त्याच पेढीने स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र विकायला काढले, ते लिनक्सवरच चालते. आपले यंत्र विकायचे तर खेळ चाललेच पाहिजेत, म्हणून कंपनीने कंबर कसली आणि त्याचा लाभ आपल्या जुन्या संगणकालाही मिळाला. एकट्याने खेळायचे बहुसंख्य खेळ आता चालतात. कोणता खेळ कितपत चालतो याच्या खेळणाऱ्यांनीच दिलेल्या नोंदी प्रोटॉनडीबीवर पाहता येतात.

पण दोन अडथळे आहेत, आणि ते व्हिडिओवाले घाईघाईत सांगतात. पहिला, लबाडी पकडणारी पहारा-व्यवस्था. काही सामूहिक खेळांची ही व्यवस्था लिनक्सवर चालतच नाही किंवा कंपनी चालू देत नाही. व्हॅलोरंट नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स पूर्वी चालत असे, २०२४ मध्ये कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केले. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्ससाठी मुळातच केलेले आहेत. दुसरा अडथळा जुन्या यंत्राचा. प्रोटॉनला वल्कन नावाची चित्र-सोय नीट लागते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधील अंगच्या ग्राफिक्समध्ये ती अर्धवट आहे. तेथे बरेचसे विंडोजचे खेळ सुरूच होणार नाहीत. सहाव्या पिढीपासून पुढे हलके खेळ होतात. जड खेळ अंगच्या ग्राफिक्सवर विंडोजमध्येही रडतात, तेव्हा त्याचे खापर लिनक्सवर फोडू नये. एएमडीचे कार्ड असेल तर ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात. एनव्हिडिया असेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडावा, तो ज्या ड्रायव्हरची शिफारस करतो तोच घ्यावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

बॅझाइट नावाची खेळांची डिस्ट्रो सध्या गाजते आहे. फेडोराच्या पायावरची, प्रणालीचा मूळ भाग सहसा हात लावू न देणारी. ज्याच्याकडे नवे ग्राफिक कार्ड आहे आणि संगणक फक्त खेळासाठी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. पण आपल्याकडे तोच संगणक गाण्याचाही आहे आणि अर्ज भरण्याचाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. वडील सुरक्षारक्षक, आई चार घरची कामे करते. मुलगी बी. ए. ला असून मामाच्या गायन पार्टीत गाते, मुलगा आयटीआयला. संगणक सहाव्या पिढीचा, चार जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. सुरू व्हायलाच चहा होऊन जाई. दुकानदाराने नव्याचे कोटेशन हातात दिले होते. आईने विचारले, "भाऊ, हा खरंच मेलाय का?" आम्ही मुलाला सांगितले, आधी कागद घे आणि तू खेळतोस ते खेळ लिही. पाच नावे निघाली, त्यात व्हॅलोरंट वर. ते चालणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग काका, मला काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. लिनक्सच्या प्रेमापोटी अशा वेळी "होईल काहीतरी" म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यानेच लिनक्सचे नाव जास्त खराब होते.

मार्ग असा निघाला. दुसऱ्या हाताची चार जीबी रॅम आणि एक लहान एसएसडी घेतली. नव्या संगणकापुढे तो खर्च किरकोळच होता. मिंट एसएसडीवर बसविली. जुनी हार्डडिस्क तशीच ठेवली, त्यावर विंडोज तशीच राहिली. बसविताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली होती, म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याची भीती नाही. आता संगणक सुरू करताना कोणती डिस्क ते निवडायचे. मुलाचे व्हॅलोरंट जुन्या डिस्कवर, परंतु बँक, अर्ज आणि ई-मेल तेथे करायचे नाहीत असा घरात नियम झाला. मुलीने आर्डरमध्ये पहिल्याच आठवड्यात तीन पट्ट्यांचे गाणे बसविले. मुलगा अजून पुरता खूश नाही. काउंटर-स्ट्राइक त्या यंत्रावर रखडते. सुपरटक्सकार्ट हा मोफत गाड्यांचा खेळ मात्र दोघे मिळून खेळतात. शिवाय टॅलीचा वर्ग लावणार असाल किंवा एमएस-सीआयटीची तयारी चालू असेल, तर विंडोजची एक जागा राखून ठेवण्याचा हा उपाय त्यालाही उपयोगी पडतो.

"हे शिकून नोकरीत काय फायदा" असेही एका पालकांनी विचारले. केरळमधील सरकारी शाळांत कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. मूळ गोष्टी सगळीकडे त्याच असतात.

बसविण्यापूर्वी एक काम करावेच. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. ती तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि आठ जीबीच्या पेन-ड्राइव्हवर रुफस किंवा बालेना एचरने चढवावी. मग संगणक त्या पेन-ड्राइव्हवरून सुरू करावा. डिस्कवर काही न लिहिता मिंट चालून दाखविते. तेथे वायफाय लागतो का, आवाज येतो का, माइक आवाज घेतो का, झोपवलेला संगणक जागा होतो का, हे एक-दोन संध्याकाळी पाहावे. माइक लावून ऑडॅसिटीत दोन ओळी गाऊन पाहाव्यात. काही अडले तर पेन-ड्राइव्ह काढला की पूर्वीचे सगळे जागच्या जागी. पेन-ड्राइव्हवरून चालताना संगणक मंद वाटतो, त्यावरून मत बनवू नये.

आणि टाइमशिफ्टबद्दल एक खुलासा राहिला. ते प्रणाली जपते, तुमची गाणी जपत नाही. गाण्यांचे फोल्डर वेगळ्या पेन-ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर स्वतः उतरवून ठेवावे लागते. दर रेकॉर्डिंगनंतर, त्याच रात्री. अपडेट करावेत ते सवडीने. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, गाणी पुरी करण्याची घाई चालू असताना, कोणत्याही अपडेटला हात लावू नये. पंधरा तारखेनंतर खुशाल करावे.